चोंदम्माचा खल

भाडेकरू ठेवताना मी एकच अट घालायचे, खोलीत स्टोव्ह पेटवायचा नाही. चोंदम्मा खोली बघायला आली तेव्हा म्हणाली, "स्टोव्ह नको मला, अक्का. व्हरांड्यात बसून थोडं घोटू दिलंत की झालं." मला वाटलं, मसाला घोटणार असेल. म्हटलं, घोट बाई. दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला दार उघडते तर ही मांडी घालून बसलेली, पुढ्यात चिनी मातीचा खल आणि खलात काळंकुट्ट काहीतरी. हात मनगटापर्यंत काळे, नाकाच्या शेंड्यावर काळं, आणि माझ्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर पाच बोटं उठलेली.

"हे काय गं?"

"ग्रॅफाइट, अक्का. पेन्सिलीत असतं ना, तेच."

"ते कळलं. भिंत कोण पुसणार?"

"मी पुसते की."

पुसली नाही. ती बोटं आजही तिथंच आहेत.

मी मूळची निपाणीची. नवऱ्याच्या वनखात्याच्या नोकरीपायी मडिकेरीत आले. नवरा गेला, मी इथंच राहिले. शाळेत हिंदी शिकवून शिकवून केस पांढरे केले आणि घराचा अर्धा भाग भाड्यानं दिला. भाडेकरू आले, गेले. चोंदम्मा तेवढी राहिली आणि भाडेकरू राहिली नाही. माझं तोंड तिखट आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत. तिला तिखटाचं काही वाटायचं नाही. ती कोडव, इथल्याच डोंगराळ मुलखातली. कोडवांच्या घरात डुकराच्या रश्शात काळी मिरी मुठीनं पडते, माझ्या दोन शब्दांनी तिचं काय व्हायचं होतं.

ती इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. चाळिशी उलटलेली, लग्न नाही. दिवसभर तास घ्यायचे, तास संपले की पीएचडीचं काम. प्रयोगशाळेत पोरांची ये-जा, म्हणून घोटायचं काम ती घरी आणायची. ग्रॅफाइटची भुकटी आणि थोडं तेल एकत्र घालून घोटत राहायचं, अगदी लोण्यासारखं होईपर्यंत. मग तो काळा लगदा बोरूएवढ्या नळीच्या तोंडात दाबून भरायचा. मागून तांब्याची तार. नळीचं तोंड गुळगुळीत कागदावर घासघासून चमकवायचं. झाला तिचा इलेक्ट्रोड. मी एकदा म्हटलं, "अगं, परदेशातनं मशीन मागवतात आणि तू चूल सारवल्यासारखं काय करत बसलीयस?" तर म्हणे, "मशीन आहे की कॉलेजात. पण मशीनला हात लागतो, अक्का. तो हात मी करते."

खलाचं तिला भारी कौतुक. त्याला पाणी लावायचं नाही, साबण तर नाहीच नाही. घोटून झालं की अॅसिटोनच्या बोळ्यानं पुसायचा, फडक्यात गुंडाळायचा. आतून तो खरबरीत होता, बिनचकाकीचा, त्यामुळं जे लावाल ते धरून ठेवायचा.

एकदा पावसानं वीज गेलेली, कॉफी घेऊन बसलो होतो, तेव्हा मी विचारलं की हे सगळं कशासाठी. तिनं मला कळेल अशा भाषेत सांगितलं. म्हणाली, "रक्ताच्या थेंबात ढीगभर गोष्टी असतात. मला त्यातल्या दोन बघायच्यात. एक एस्ट्रिऑल, पोटुशा बाईच्या अंगात वाढणारं हार्मोन. आत मूल कसं आहे त्याची थोडी खबर देतं. दुसरं फॉलिक अॅसिड, ते जीवनसत्त्व. आपण इलेक्ट्रोड बुडवला की पडद्यावर रेघ पुढे सरकते, आणि एखाद्या पदार्थाची पाळी आली की डोंगरासारखी वर उठते. ज्याची त्याची उठायची जागा ठरलेली. पण ह्या दोघांच्या जागा इतक्या लागून की एकच बोजड डोंगर दिसतो. कोण किती, काही कळत नाही."

"मग?"

"मग मी इलेक्ट्रोडच्या तोंडावर साबणाच्या जातीचं एक रसायन असतं, सर्फॅक्टंट म्हणतात, त्याचा थेंब ठेवते. जरा थांबते, धुऊन टाकते. डोळ्यांना दिसणार नाही असा पापुद्रा मागे राहतो. आता बुडवला की दोन डोंगर सुटे."

"साबणच हवा तर माझ्या मोरीतला घे की. फुकट."

ती हसली. "तुमच्या साबणात वास, रंग, काय काय असतं. सगळेच एकदम बोलायला लागतील."

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते धाकट्या बहिणीमुळं. बोजी तिचं नाव, बोजम्मा. बोजीला दिवस गेले, सातव्यात काहीतरी बिनसलंय असं डॉक्टरांना वाटलं, रक्त म्हैसूरला पाठवलं. पावसात घाट बंद. रिपोर्ट आला तेव्हा बोजी रिकाम्या हातांनी घरी परतली होती. चोंदम्मा मला म्हणाली होती, "रिपोर्ट लवकर आला असता तर मूल वाचलं असतं असं मी म्हणत नाही, अक्का. पण आम्हाला कळलं तरी असतं. अव्वा रोज दारात उभी राहून पोस्टाची वाट बघायची, ते तरी टळलं असतं." तालुक्याच्या दवाखान्यात, नर्सला हाताळता येईल असं काहीतरी व्हावं, एवढंच तिचं म्हणणं. व्हायला अजून फार अवकाश होता, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण पहिली पायरी तिची होती.

अव्वा म्हणजे तिची आई, पूवव्वा. जवळच्या गाळीबीडू गावाच्या वरच्या अंगाला त्यांचं घर, कॉफीचा मळा, मिरीचे वेल, खाली थोडी भातशेती. नवऱ्याच्या माघारी बाईनं एकटीनं सगळं राखलेलं. मजुरावर ओरडली की खालच्या वाडीतली कुत्री भुंकायची. थोरल्या लेकीवर तिचा जीव होता, पण तिचं काम तिच्या डोळ्यांत कधी भरलं नाही. "कॉफी खुडायला माणूस मिळेना आणि माझी लेक कोळसा कुटतेय," असं ती येईल त्याला ऐकवायची. मलाही ऐकवलं. मी म्हटलं, "पूवव्वा, माझा नवरा जन्मभर झाडं मोजत होता. मी काही बोलले का?" त्यावर म्हणाली, "टीचर, झाडं दिसतात तरी."

कैलपोद हा कोडवांचा हत्यारांचा सण. भाताची लावणी आटपली की, सप्टेंबरच्या तोंडाला येतो. घरातली हत्यारं घासून-पुसून मधल्या घरात मांडायची, चंदन लावायचं, वर तोकपू ठेवायचं. तोकपू म्हणजे आपली कळलावी. पूवव्वाच्या घरात ज्याचं त्याचं हत्यार ज्याच्या त्याच्या नावानं मांडलं जायचं. वारलेल्या नवऱ्याची बंदूक, त्याची चांदीच्या म्यानाची कट्यार, तिचा स्वतःचा कोयता, बोजीची शिवणाची कात्री, अगदी जावयाचा पाना-पकडसुद्धा. चोंदम्माचं काही नाही. एका वर्षी ती बिचारी खडू घेऊन गेली, तर आई म्हणाली, "खडूला कोण पूजतं?" हे सांगताना ती हसायची. मला हसू यायचं नाही.

त्या वर्षी कैलपोदला जाताना सुट्टीत घोटायला म्हणून ती खल बरोबर घेऊन गेली. परत आली ती दारातच उभी राहिली. पिशवी खांद्यावर, चपला भिजलेल्या.

"अक्का, अव्वानं माझा खल मांडला."

"कुठं?"

"मधल्या घरात. अप्पाच्या बंदुकीशेजारी. चंदनाचा टिळा लावला बाहेरून, आणि आत तोकपू ठेवलं. मी सकाळी उठून गेले तर दिसलं. मला काही बोलली नाही. मी पण काही बोलले नाही."

एवढं बोलली आणि माझ्या दारात ढसाढसा रडायला लागली. चाळिशीतली बाई, कॉलेजात पोरांना दमात घेणारी, पहिलीतल्या पोरीसारखी रडली. मी तिला आत ओढलं, टॉवेल दिला. बाहेरचा टिळा तिनं मोठ्या नाइलाजानं पुसला आणि त्याच संध्याकाळी घोटायला बसली.

त्यानंतरचे दिवस तिचे होते. मिश्रणांचे प्रयोग शेवटचे उरले होते. हार्मोन जास्त जीवनसत्त्व कमी, जीवनसत्त्व जास्त हार्मोन कमी, असं करत करत दर वेळी दोन डोंगर सुटे, स्वच्छ. घरी येऊन मला हातानं हवेत डोंगर काढून दाखवायची. तिचे मार्गदर्शक हालप्पा सर एरवी कपाळाला आठी घालून असायचे, तेसुद्धा म्हणाले, "आता लिहायला घे." लिहायलाच हवं होतं. तिच्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती, आता फेब्रुवारीच्या पुढे युनिव्हर्सिटी एक दिवस देणार नव्हती. फेब्रुवारी चुकला की इतक्या वर्षांचं काम रद्द, परत पहिल्यापासून.

नोव्हेंबरात सर म्हणाले, तुलना दाखवायला त्याच लगद्याच्या कोऱ्या इलेक्ट्रोडचा एक आलेख काढ. कोरा म्हणजे थेंब न ठेवलेला. कामाच्या सुरुवातीला तिनं तो काढलाच होता, एकच बोजड डोंगर आला होता. आताही तोच यायचा, नुसता उपचार. ती काढायला बसली.

कोऱ्या इलेक्ट्रोडनं दोन डोंगर दाखवले.

ती घरी आली आणि न जेवता खाटेवर बसून राहिली. मी भात वाढून दोनदा हाका मारल्या. शेवटी ताट घेऊन तिच्या खोलीत गेले. "काय झालं ते सांग आधी, मग उपाशी मर."

"थेंब न ठेवताच सुटे होतायत, अक्का."

"मग चांगलंच की. कष्ट वाचले."

"चांगलं कसं? मी सांगतेय की थेंबामुळं सुटे होतात. थेंबाशिवायही होत असतील तर थेंबाचं काम काय? माझं काम काय? मी इतकी वर्षं केलं काय?"

हालप्पा सरांनी वाट काढून दिली होती. जुना आलेख आहे ना, तोच लाव, कोण कशाला तपासतंय. मी पण म्हटलं, लाव की मग, खोटा थोडाच आहे, तुझाच आहे. माझा स्वभाव असा, घरातलं माणूस रडताना बघितलं की मला शास्त्र-बिस्त्र काही सुचत नाही.

तिनं ताट बाजूला सारलं. "दोन लगदे वेगळे आहेत, अक्का. एकाचा आलेख दुसऱ्याच्या शेजारी लावायचा म्हणजे तुमच्या घराचा फोटो दाखवून माझं घर विकायचं. उद्या हे वाचून कुणी तसंच करायला बसलं आणि त्याला दोन डोंगर दिसलेच नाहीत तर? आणि दिसले, पण खोटे दिसले तर? एखादीला सांगतील मूल बरं आहे म्हणून."

बोजीचं नाव दोघींनीही घेतलं नाही. मी ताट परत तिच्यापुढे सरकवलं.

पुढचे दिवस तिनं एकेक गोष्ट बदलून बघितली. नवं तेल. ग्रॅफाइटचा नवा डबा. नवी नळी, नवी तार. पाणी पुन्हा गाळून. प्रत्येक वेळी दोन डोंगर. ज्यांच्यासाठी जीव टाकला ते डोंगर आता तिला नको झाले होते. डोळ्यांखाली काळं आलं, वर्गात फळ्यावर चुकीचं सूत्र लिहिलं म्हणून पोरं हसली. एका रविवारी व्हरांड्यात बसून ती बोटं मोजत होती. "सगळं बदललं, अक्का. खल तेवढा तोच."

"खलाला काय झालंय?"

"काही नाही. त्याला मी पाणीच लावत नाही. कैलपोदला जरा चंदन लागलं, तेही बाहेरून."

मी शेंगा सोलत होते, सोलायची थांबले. "चोंदम्मा, तू तुझ्या आईला ओळखतेस ना? ती बाई केळीचं पान धुतल्याशिवाय त्यावर भात वाढत नाही. तिनं तुझा तो काळाकुट्ट खल न धुता देवासमोर ठेवला असेल?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि चपला घातल्या. मी पण निघाले. एकटी सोडवेना.

पूवव्वा अंगणात कॉफी वाळत घालत होती. आम्हाला बघून खूश झाली, पण तोंडानं म्हणाली, "आज काय, वाट चुकलात?" मग चुलीपुढे बसवलं, वाफाळते कडंबुट्टू काढले. तांदळाच्या कण्यांचे ते गोळे आणि काळा रस्सा पुढ्यात आला तरी चोंदम्माचा हात चालेना. शेवटी सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, "अव्वा, कैलपोदला माझा खल ठेवला होतास, तो धुतला होतास का गं?"

पूवव्वानं कपाळावर हात मारला. "हे काय विचारणं झालं? तसा कसा ठेवू? टीचर, काय सांगू तुम्हाला, आदल्या दिवशी रिठे उकळले, हिच्या अप्पाची कट्यार टाकली, माझी चांदीची साखळी टाकली, त्यातच तो खल टाकला. सकाळपर्यंत भिजला. काय काळं निघालं, बाई. तरी आतला डाग गेला नाही, म्हणून बत्त्याला पण रिठा चोळला. एवढं शिकलीय, पण भांडं कसं घासावं ते कळत नाही हिला."

"रिठा," चोंदम्मा म्हणाली.

"मग काय कपड्याची पावडर घालू? हत्याराला रिठाच लागतो. आपली काय रीत आहे ती आहे. तुझं हत्यार आहे ना ते?"

रिठ्याचा फेस आपण सगळ्यांनी लहानपणी डोक्यावर घेतलाय. साबणाच्या जातीचं, हे मलासुद्धा तिथं बसल्या बसल्या कळलं. खरबरीत खलानं तो पिऊन ठेवला होता आणि प्रत्येक लगद्यात थोडा थोडा सोडला होता. कोरा इलेक्ट्रोड कोरा नव्हताच. मी चोंदम्माकडे बघितलं. माझ्या जिभेवर आलंच होतं, की पूवव्वा, तुम्ही लेकीचे तीन महिने पाण्यात घातलेत. पण चोंदम्मानं ताटाआडून माझा गुडघा असा दाबला की दोन दिवस दुखत होता.

"छान निघाला होता, अव्वा," ती म्हणाली आणि कडंबुट्टू मोडून खायला लागली. दुसरा मागून घेतला. आई बघतच राहिली.

परतीच्या जीपमध्ये मी फणफणले. "सांगायचंस ना तिला. आता पुढच्या वर्षी पण बुडवेल."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

"तुझी मुदत काय आहे, माहीत आहे ना? सगळं परत करावं लागेल. आणि दोष कुणाचा?"

"कुणाचाच नाही." तिनं खिडकीची काच वर सरकवली. "अक्का, इतकी वर्षं मी वाट बघितली. पीएचडीची नाही. तिनं माझं काहीतरी त्या ओळीत ठेवायची. आणि ठेवलं त्याच दिवशी तिला सांगू, की तुझ्या हातानं सगळं नासलं? ती परत कधी हात लावेल का माझ्या कशाला? मरेन, पण सांगणार नाही."

मला मुलगी नाही. असती तर अशी असावी, असं त्या दिवशी वाटलं, हे सांगायला मला लाज नाही.

तिनं म्हैसूरहून नवा खल आणला. त्यात घोटलेल्या कोऱ्या इलेक्ट्रोडनं पहिल्यासारखा एकच डोंगर दाखवला. त्याच इलेक्ट्रोडच्या तोंडावर तिनं मुद्दाम रिठ्याच्या पाण्याचा थेंब ठेवून बघितला, तर दोन. गुन्हेगार सापडला. मी म्हटलं, "मग रिठ्यावरच पीएचडी कर की, फुकटचा झाडावर लागतो." म्हणाली, "एका झाडाचं फळ दुसऱ्यासारखं नसतं. आज जे माप येईल ते उद्या येणार नाही. मोजायला भरवशाचं हवं." मग मिश्रणांचे सगळे प्रयोग पहिल्यापासून. नाताळची सुट्टी गेली, संक्रांत गेली, बोजीकडचं बारसं चुकलं. हो, बोजीला मुलगा झाला होता, मोठा गुटगुटीत, आणि मावशीनं त्याला महिनाभर बघितलं नाही. जेवण मी कॉलेजात डब्यानं पाठवायचे, अर्धं परत यायचं, मी शिव्या घालायचे. फेब्रुवारी संपायच्या आत प्रबंध गेला. वाया गेलेल्या प्रयोगांबद्दल ती गप्प बसू शकली असती. हालप्पा सरांचं तेच मत होतं. तिनं त्यावर एक अख्खं पान लिहिलं.

तोंडी परीक्षा पावसाळ्याच्या तोंडावर झाली. इकडे ती सगळ्यांसमोर होते, घरचे लोक नटूनथटून येतात. बोजी आईला घेऊन आली. पूवव्वानं कोडवांच्या पद्धतीनं, निऱ्या मागे घेऊन रेशमी साडी नेसली होती, गळ्यात तीच चांदीची साखळी. माझ्याशेजारी शेवटच्या रांगेत बसली. चोंदम्मा स्टेजवरून आम्हाला बघून जरा चरकली, पण बोलणं सगळं इंग्रजीत चाललं होतं आणि पूवव्वाचं इंग्रजी बँकेपुरतं. ती आपली नातवाला झुलवत, लेक कशी उभी आहे ते बघत होती.

बाहेरून आलेल्या परीक्षक धारवाडच्या होत्या, मठद बाई. चष्मा नाकावर, आवाज करडा. एकेक पान उलटत प्रश्न विचारत होत्या, चोंदम्मा नीट उत्तरं देत होती. मग त्या एका पानावर थांबल्या. चष्मा काढला आणि इंग्रजी सोडून सरळ कानडीत विचारलं, "हे फार दिवसांनी खरं वाचायला मिळालं. पण एक सांगा, तुमच्या खलात रिठा आला कुठून? प्रयोगशाळेत रिठा कोण ठेवतं?"

शेजारी पूवव्वाचा नातवाला थोपटणारा हात थांबला.

जुना आलेख चिकटवायला जी तयार झाली नव्हती, ती चोंदम्मा स्पष्ट आवाजात म्हणाली, "मीच धुतला होता, मॅडम. निष्काळजीपणा माझा."

"रिठ्यानं?"

"हो. त्यामुळं तीन महिन्यांचे प्रयोग बाद करावे लागले. ते परत केले."

"तुम्ही रसायनशास्त्र शिकवता आणि लगद्याचा खल रिठ्यात घातलात?"

"हो, मॅडम."

माझ्याशेजारी खुर्ची सरकली. पूवव्वा उभी होती. नातू बोजीच्या मांडीवर गेला होता.

"ती खोटं बोलतेय," ती कानडीत म्हणाली. मजुरांवर ओरडायचा तोच आवाज. "खल मी धुतला. तिला भांडी घासता येत नाहीत."

हॉलमध्ये हसू फुटलं. चोंदम्मा स्टेजवरून म्हणाली, "अव्वा, बस ना."

"का बसू? कैलपोद होता, बाई. आमच्यात घरातल्या प्रत्येकाचं हत्यार धुऊन मांडतात. हिच्या बापाची बंदूक मांडली, माझा कोयता मांडला. हिचं हत्यार ते. म्हटलं, आजवर मांडलं नाही ते चुकलंच आपलं." मग ती माझ्याकडे वळली. "त्यानं तिचं काम बुडालं? टीचर, तुम्हाला माहीत होतं?"

मी मान खाली घातली.

पूवव्वानं परत स्टेजकडे तोंड केलं. आता आवाज पार खाली आला होता. "मग जी चूक आहे ती माझ्या नावावर घाला. तिचे मार्क कापू नका."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. चोंदम्मा टेबलाला धरून उभी होती, डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. "काही बुडालं नाही, अव्वा," ती म्हणाली. "खरंच नाही बुडालं. मी परत केलं ना सगळं."

मठद बाईंनी चष्मा परत घातला, पान उघडलं आणि बोट ठेवलं. "माझी एकच दुरुस्ती आहे. तुम्ही इथं लिहिलंय की खल अपघातानं रिठ्याच्या पाण्यात गेला. 'अपघातानं' हा शब्द काढून टाका. पूजेसाठी आईनं धुतला, असं लिहा. कारण माहीत असलं की ते लिहायचं असतं."

चोंदम्मानं तिथंच पेन मागून घेतलं आणि वाकून तो शब्द खोडला. बराच वेळ खोडत होती.

पूवव्वा खाली बसली, माझ्या कानाशी लागली. "म्हणजे पास का नापास?"

"पास झाली, पूवव्वा."

"मग रडतेय कशाला?" असं म्हणून तिनं पदरानं स्वतःचे डोळे पुसले.